मिथेन पुढे पळाला की समजायचं, भोक आहे

पीएचडीला विषय मिळाला तो असा: बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून टाकणारं पॉलिमरचं मेम्ब्रेन, म्हणजे वायू निवडून जाऊ देणारा पातळ पडदा, तयार करायचं. प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) किंवा शेणापासून निघालेल्या गॅसमध्ये ढोबळमानाने ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, शिवाय थोडा हायड्रोजन सल्फाइड आणि भरपूर वाफ. हा गॅस गाडीत भरायचा तर त्यात मिथेन किमान ९० टक्के लागतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारची ‘सतत’ योजना आली आणि प्रेसमडपासून सीबीजी, म्हणजे गाडीत भरायचा दाबलेला बायोगॅस, काढायचं खूळ साखर कारखान्यांच्या डोक्यात शिरलं. तिथून ते आमच्या सरांच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला नाही.

मेम्ब्रेन म्हटलं की लोकांना चहाची गाळणी आठवते. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण मिथेनचा रेणू ३.८ अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि सीओटूचा ३.३ चा. अर्ध्या अँगस्ट्रॉमचा फरक ओळखतील अशी नेमकी भोकं साध्या पॉलिमरमध्ये कोण पाडणार? आमचं पॉलिमर होतं पॉलिसल्फोन, आणि त्यात कायमची भोकं नसतातच. वायू आधी पॉलिमरमध्ये विरघळतो, मग साखळ्यांच्या हालचालीत क्षणभर उघडणाऱ्या फटींतून सरकत पलीकडे निघतो. सीओटू विरघळतोही जास्त आणि सरकतोही भराभर, म्हणून तो पुढे जातो आणि मिथेन मागे राहतो. थॉमस ग्रॅहॅमने रबराच्या पातळ पडद्यांवर प्रयोग करून साधारण हेच १८६६ मध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे भोक ही या धंद्यातली सोय नसून शत्रू आहे. हे मला कळत होतं, पण तो शत्रू किती चिवट आहे हे कळायला पावसाळा यावा लागला.

पहिलं काम सोपं निघालं. पॉलिसल्फोन डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचं, सपाट काचेवरच्या स्टीलच्या रिंगमध्ये ओतायचं, वर झाकण ठेवून द्रावक हळूहळू उडू द्यायचा आणि मग फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये टाकायची. ओव्हनमध्ये घाई करायची नाही, कारण फिल्ममध्ये थोडा जरी द्रावक राहिला तरी पॉलिमर मऊ पडतं आणि आकडे खोटे चांगले येतात. फिल्म झाली ५० मायक्रॉनची, काचेसारखी पारदर्शक. ती सेलमध्ये, म्हणजे वायू मोजायच्या बंद डबीत, बसवली, एका बाजूला गॅसचा दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, आणि खालच्या बाजूचा दाब कसा चढतो ते कॉम्प्युटरवर बघत बसले. सीओटू तीन-चार मिनिटांत पलीकडे डोकावतो, मिथेन पंधरा-वीस मिनिटं लावतो. सीओटूची पर्मिएबिलिटी, म्हणजे पॉलिमरमधून तो किती सहज जातो ते, साडेपाच बॅररच्या (हे तिचं एकक) आसपास; सिलेक्टिव्हिटी, म्हणजे सीओटू मिथेनच्या किती पट जातो ते, बावीसच्या आसपास. पुस्तकातल्या आकड्यांशी जुळलं. मी खुशीत ग्राफ घेऊन सरांकडे गेले. सर म्हणाले, “छान. आता पाचशेपट पातळ कर.”

ही थट्टा नव्हती, साधा हिशेब होता. ५० मायक्रॉनच्या पडद्यातून, चारेक बार दाबाच्या फरकावर, तासाला १०० घनमीटर सीओटू काढायचा तर सुमारे वीस एकर पडदा लागेल. तोच पडदा ०.१ मायक्रॉनचा केला की पावणेदोनशे चौरस मीटरमध्ये भागतं. पॉलिमर तेच, सिलेक्टिव्हिटी तीच, फरक फक्त जाडीचा. आणि ०.१ मायक्रॉनचा पडदा हातात धरता येत नाही, तो कशावर तरी बसवावा लागतो.

यावरचा तोडगा जुना आहे. सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा केला, की ज्याची वरची कातडी अतिशय पातळ आणि घट्ट, आणि खालचा भाग स्पंजासारखा. वेगळं करण्याचं काम कातडीचं, भार सोसायचं काम स्पंजाचं. दोन्ही एकाच द्रावणातून, एकाच झटक्यात तयार होतात. आम्हाला तेच पॉलिसल्फोनने करायचं होतं.

कृती सांगायला चार वाक्यांची आहे. ओव्हनमध्ये वाळवलेलं पॉलिमर एनएमपी या द्रावकात विरघळवून मधासारखं घट्ट द्रावण करायचं. बुडबुडे निघेपर्यंत ते शांत ठेवायचं. काचेवर पॉलिएस्टरचं नॉनवोव्हन (न विणलेलं) कापड ताणून चिकटवायचं आणि कास्टिंग नाइफने त्यावर द्रावणाचा एकसारखा थर ओढायचा. काही सेकंद थांबून काच पाण्याच्या टबात बुडवायची. एनएमपी पाण्यात पळतो, पाणी आत घुसतं, पॉलिमर जागच्या जागी गोठतं. डोळ्यांसमोर पारदर्शक थर दुधासारखा पांढरा होतो, बघायला मजा येते.

पुण्यात मेपर्यंत हे ठीक चाललं. जूनमध्ये पाऊस लागला आणि थर टबात जायच्या आधीच पांढरा पडायला लागला. एनएमपी हवेतली वाफ ओढून घेतो. बाहेर ८५-९० टक्के आर्द्रता असली की टबापर्यंत पोचण्याआधीच हवेतलं पाणी वरच्या थरात शिरतं, आणि घट्ट कातडीऐवजी वरपासूनच स्पंज तयार होतो. त्या थरावर तिरपा उजेड पाडला की चकाकीच दिसायची नाही, चुना मारलेल्या भिंतीवर दिसावा तसा मंद पांढरेपणा. असं शीट सेलमध्ये बसवायचीही गरज नसते. सरळ कचऱ्यात.

डीह्युमिडिफायर लावला, पण खोली मोठी आणि दार सारखं उघडं. शेवटी वर्कशॉपच्या काकांकडून ॲक्रिलिकची बंद पेटी करून घेतली. आत सिलिका जेल, कोरड्या नायट्रोजनची नळी, आणि पुढे हातमोज्यांसाठी दोन गोल भोकं. काका मापं घेताना म्हणाले, “ताई, हाताचं माप नीट द्या. भोक मोठं झालं तर मला ते लहान करता येत नाही.” त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, हे वाक्य मी पुढे वर्षभर रोज मनात म्हणणार होते.

पेटीत केलेली शीटं दिसायला सुंदर आली, चकचकीत कातडीची. पण मेम्ब्रेन दिसण्यावर जात नाही. आमच्याकडे पातळ मेम्ब्रेनचा प्रवाह मोजायला साबणाच्या फुग्याचा मीटर होता: खुणा केलेली काचेची नळी, खाली साबणाचं पाणी. रबरी फुगा दाबला की साबणाचा पडदा नळीत तयार होतो आणि मेम्ब्रेनमधून आलेला गॅस त्याला वर ढकलतो. हातात स्टॉपवॉच. आमच्या सेलचं क्षेत्रफळ आणि पाच बारचा दाब धरला तर चांगल्या मेम्ब्रेनवर सीओटूने साबणाचा पडदा एक मिलिलिटर सात-आठ सेकंदांत चढायला हवा, आणि मिथेनने अडीच-तीन मिनिटांत. म्हणजे मिथेन लावला की कंटाळा यायला हवा. माझ्याकडे कंटाळा येतच नव्हता. दोन्ही वायू सुसाट, आणि त्यातही मिथेन किंचित पुढे.

हे मिथेनचं पुढे पळणं फार बोलकं असतं. बारीक भोकातून वायू जातो तेव्हा विरघळण्याचा प्रश्नच येत नाही, हलका रेणू भराभर जातो. सीओटूचं वजन ४४, मिथेनचं १६. भागाकाराचं वर्गमूळ काढा, १.६६ येतं. म्हणजे नुसत्या भोकांतून जाताना मिथेन सीओटूच्या १.६६ पट वेगाने जाणार. एकाच शीटवर दोन्ही वायू लावून मिथेन पुढे निघाला, तर बहुतेक प्रवाह भोकांतून चाललाय हे नक्की. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची रांग लावण्याआधी मला हे मिनिटाभरात कळायचं. आणि मायक्रोस्कोपमध्ये तरी काय दिसणार? कातडीच्या क्षेत्रफळात भोकांचा वाटा दहा लाखांत एक एवढा जरी झाला तरी सिलेक्टिव्हिटी कोसळते. इतकं विरळ भोक फोटोच्या चौकटीत सापडणं म्हणजे नशीबच.

मग भोकं कुठून येतात याचा शोध. काही सरळ होती: द्रावणातले न विरघळलेले कण गाळून घेतले, बुडबुड्यांसाठी जास्त वेळ थांबलो, पेटीतली धूळ पुसली. कापडाने मात्र छळलं. नॉनवोव्हन कापडावर भिंगातून पाहिलं तर इथेतिथे पॉलिएस्टरचं एखादं तूस सरळ उभं असतं. त्यावर थर ओढला की तूस कातडीच्या आरपार डोकं काढतं, आणि त्याच्या भोवतीने गॅस निघून जातो. कापडावरून गरम रोलर फिरवून तुसं दाबली, त्याने बराच फरक पडला.

वाळवण्याची कथा वेगळी. पाण्याने भरलेलं शीट तसंच हवेत वाळू दिलं तर बारीक रंध्रांतलं पाणी उडताना इतक्या जोराने भिंती ओढतं की स्पंज चिपकून बसतो किंवा कातडी तडकते. म्हणून पाण्याच्या जागी आधी आयसोप्रोपेनॉल, मग त्याच्या जागी हेक्झेन, आणि मग वाळवायचं. हेक्झेनचा पृष्ठताण पाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, ओढ तेवढी कमी. काम कंटाळवाणं आहे आणि वास डोक्यात बसतो.

एवढं करूनही सिलेक्टिव्हिटी दोन-तीनच्या वर जाईना. आणि इथे मला वाचनाने तारलं. मोन्सँटो कंपनीतल्या हेनिस आणि ट्रायपोडी या दोघांनी साधारण १९८० साली हीच अडचण बाजूने सोडवली होती. भोकं न पाडण्याची धडपड एका मर्यादेनंतर सोडून त्यांनी वरून सिलिकॉन रबराचा पातळ लेप दिला. सिलिकॉनची सिलेक्टिव्हिटी अगदीच सामान्य, आमच्या वायूंसाठी तीनच्या आसपास. पण पर्मिएबिलिटी पॉलिसल्फोनच्या कित्येक शेकडोपट. त्यामुळे चांगल्या कातडीवर लेप बसला तरी तिला त्याचा भार जाणवत नाही. भोकात मात्र तो गेला की जिथून वायू मोकळा धावत होता तिथे आता त्याला विरघळून सरकावं लागतं, आणि भोकाचं क्षेत्रफळ इतकं कमी की तिथून नगण्य वायू जातो. यावर त्यांची प्रिझम नावाची मेम्ब्रेनं उभी राहिली, अमोनियाच्या कारखान्यांत वाया जाणाऱ्या गॅसमधून हायड्रोजन परत मिळवायला.

दोन घटकांचं सिलिकॉन हेक्झेनमध्ये दोन-तीन टक्के पातळ करून मी शीटवर ओतलं, निथळून घेतलं, ओव्हनमध्ये सत्तर अंशांना ठेवलं. दुसऱ्या दिवशी साबणाच्या मीटरवर सीओटू लावला, ठीक. मिथेन लावला आणि साबणाचा पडदा नळीत जवळजवळ थिजला. मी स्टॉपवॉच चालू ठेवून चहा पिऊन आले. सिलेक्टिव्हिटी वीस.

आमच्या क्षेत्रातल्या पेपरांबद्दल एक तक्रार करून घेते. पॉलिमर संशोधक लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये आलेखावर एक रेषा आखून दिली आणि २००८ मध्ये ती वर सरकवली: पर्मिएबिलिटी वाढली की सिलेक्टिव्हिटी घटते, आणि ती रेषा ओलांडणं अवघड. तेव्हापासून जो तो आपला ठिपका रेषेच्या वर दाखवायला धडपडतो. त्यातले बरेच ठिपके ५०-१०० मायक्रॉनच्या जाड, ताज्या फिल्मचे. तेच पॉलिमर पातळ केलं की काही आठवड्यांत साखळ्या दाटून बसतात, प्रवाह उतरतो. आमच्याही शीटांचा उतरला, सिलेक्टिव्हिटी किंचित वाढली. नवं पॉलिमर शोधणाऱ्यांना नमस्कार, पण बाजारात अजून सेल्युलोज ॲसिटेट, पॉलिसल्फोन, पॉलिइमाइड हीच जुनी मंडळी का आहेत, याचं उत्तर मला त्या ॲक्रिलिकच्या पेटीत मिळालं.

नंतर एका कारखान्याच्या बायोगॅस प्लांटवर चाचणी झाली. सिलिंडरमधला गॅस सभ्य असतो, प्लांटवरचा नाही. हायड्रोजन सल्फाइड आधीच्या टॉवरमध्ये जात होता, पण कॉम्प्रेसरनंतर गॅसबरोबर तेलाचं धुकं येत होतं आणि त्याने मेम्ब्रेनवर पिवळसर थर धरला. मग तेलाचे थेंब एकत्र करून अडवणारा कोअलेसिंग फिल्टर, त्यापुढे सक्रिय कोळशाचा डबा, आणि पाणी काढायला थंड करण्याची सोय, एवढं मेम्ब्रेनच्या आधी जोडलं. खर्चात मेम्ब्रेनपेक्षा ही तयारी जड निघाली.

गॅस ९० टक्क्यांच्या वर गेला. कारखान्याचे केमिस्ट, वयाने मोठे, मुद्द्याचे गृहस्थ, यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. “मॅडम, पलीकडे जाणाऱ्या सीओटूबरोबर मिथेन किती जातोय?” त्यांनी सँपल बॅग भरून घेतली आणि गॅसमधले घटक मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफचा आकडा आल्यावर वहीत दिवसाचं नुकसान थेट रुपयांत मांडून दाखवलं. एका टप्प्यात शुद्धता आणि उतारा (किती मिथेन हाती लागला ते) दोन्ही मिळत नाहीत, आणि मिथेन हवेत सोडणं तर शंभर वर्षांच्या हिशेबात सीओटूच्या पंचवीसपटीहून जास्त घातक. म्हणून आता दोन टप्प्यांची मांडणी चालू आहे: पहिल्यातून न गेलेला गॅस दुसऱ्यात, आणि दुसऱ्याच्या पलीकडे गेलेला, मिथेन बराच असलेला गॅस परत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी. पहिल्या टप्प्यातला सीओटू, त्यातल्या थोड्या मिथेनसकट, बॉयलरकडे नेता येतो का याचं गणित केमिस्टसाहेब करतायत. सपाट शीटऐवजी मेम्ब्रेनचे पोकळ धागे ओढायचं यंत्र आमच्याकडे पुढच्या महिन्यात येईल.