दमट हवेतला तेलकट चेहरा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि मुंबई-ठाण्याचे सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपासच राहते, हे खरे. पण तेलकट त्वचेच्या माणसाला विचाराल तर तो किनाऱ्याकडच्या उन्हाळ्यालाच हात जोडेल. तिकडे घाम आला की कोरड्या हवेत उडून जातो. इकडे हवेतच इतके बाष्प असते की घाम सुकतच नाही, तो चेहऱ्यावरच्या तेलात मिसळून तासन्‌तास तिथेच चिकचिकत राहतो. ठाण्यात माझे औषधांचे दुकान आहे आणि माझी स्वतःची त्वचाही चांगलीच तेलकट आहे, त्यामुळे हा विषय मला काउंटरच्या दोन्ही बाजूंनी परिचयाचा आहे. एप्रिल लागला की ‘ताई, मुरुमांवर काहीतरी जालीम द्या’ ही मागणी सुरू होते आणि पावसाळा ओलांडून ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत चालू राहते. माझे मत असे झाले आहे की मुरुमांनी होते त्यापेक्षा अधिक नुकसान या जालीमपणाच्या हव्यासाने होते.

आपल्या त्वचेवरील केसांच्या मुळांशी तैलग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठ येथे त्या मोठ्या आणि दाट असतात. वयात येताना वाढणाऱ्या अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्या जास्त तेल तयार करू लागतात, रंध्राच्या आतील मृत पेशी नीट गळून न पडता एकमेकींना चिकटतात, तेल आणि पेशी मिळून रंध्राच्या तोंडाशी बूच बसते, आणि त्यामागे साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे, एरवी सर्वांच्याच त्वचेवर राहणारे जंतू वाढून सूज येते. या साखळीत हवेचा हात दोन ठिकाणी लागतो. त्वचा तापली की तेल अधिक वेगाने बाहेर पडते, आणि सतत ओलसर राहिलेला त्वचेचा वरचा थर फुगून रंध्राचे तोंड आणखी अरुंद करतो. व्हिएतनाम युद्धात तिथल्या दमट उष्म्यात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाठीवर आणि छातीवर उग्र मुरूम उठत; त्या प्रकाराला वैद्यकात उष्णकटिबंधीय मुरूम असे वेगळे नावच आहे. एक गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते: आज आरशात दिसणाऱ्या पुटकुळीचे बूच काही आठवड्यांपूर्वीच बसलेले असते. त्यामुळे काल खाल्लेल्या वड्यावर किंवा परवा लावलेल्या पावडरीवर तिचे खापर फोडण्यात अर्थ नसतो.

आंब्याचेही तेच. आंबा उष्ण पडतो आणि त्याने तोंडावर पुटकुळ्या येतात, हे आपल्या प्रत्येक घरात इतक्या खात्रीने सांगितले जाते की त्याविरुद्ध बोलणे म्हणजे आजीला उलट उत्तर देण्यासारखेच. हापूसचा हंगाम आणि किनाऱ्यावरचा सर्वांत चिकट काळ हे दोन्ही एप्रिल-मेमध्येच येतात. आंबा दिसतो, हवेतली आर्द्रता दिसत नाही, म्हणून शिक्षा आंब्याला होते. खाण्याचा आणि मुरुमांचा काहीच संबंध नाही, असे मात्र नाही. साखर आणि मैद्यासारखे रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केलेल्या तरुणांचे मुरूम बारा आठवड्यांत अधिक घटले, असे ऑस्ट्रेलियातील २००७ च्या एका चाचणीत दिसले होते. आणि व्यायामशाळेतल्या मुलांची व्हे प्रोटीनची भुकटी बंद केल्यावर त्यांचा चेहरा निवळलेला मी दुकानात पाहिला आहे. आमरसाच्या वाटीत वरून साखर न घालणे, एवढी तडजोड पुरे.

तेल दिसले की ते खरवडून काढावे, ही इच्छा नैसर्गिक आहे, आणि चुका तिथूनच सुरू होतात. दिवसातून पाच-सहा वेळा साबण लावणारी कॉलेजची मुले मला दर आठवड्याला भेटतात. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. अंगाच्या साध्या साबणाचा ९ ते १० असतो. सतत साबण लावल्याने त्वचेचे संरक्षक आवरण विस्कटते, आग होते, चेहरा ताणल्यासारखा वाटतो, आणि तैलग्रंथी खोलवर असल्यामुळे त्यांच्या कामात त्याने काडीचाही फरक पडत नाही. तासाभरात नाक पुन्हा चमकू लागते. सकाळी आणि रात्री सौम्य फेसवॉश, आणि खूप घाम आला तर मधे एकदा नुसते पाणी, एवढे पुरते. लोकलमधून उतरल्यावर घामट चेहरा रुमालाने खसाखसा पुसण्याऐवजी स्वच्छ सुती रुमाल हलकेच टेकवून घाम टिपावा, आणि तो रुमाल रोज धुवावा. पावसाळ्यात टॉवेल आणि उशीचे अभ्रे नीट वाळत नाहीत, त्यांना एक कुबट वास धरतो. मुरूम असलेल्या माणसाने तोंड पुसायला लहानसा वेगळा पंचा ठेवला तर तो पंख्याखाली तरी वाळतो.

घरगुती उपायांपैकी मुलतानी मातीचा पातळ लेप आठवड्यातून एकदा लावल्याने वरचे तेल काही तास शोषले जाते, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा नसावी. बेसन किंवा अक्रोडाच्या सालीच्या भुकटीने घासणे सुजलेल्या मुरुमांवर करू नये. लिंबू तर चेहऱ्यावर मुळीच नको. त्याच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो आणि तो लावून उन्हात गेले तर त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात. टूथपेस्टबद्दल वेगळे काही लिहायला नको. नाकावरचे काळे ठिपके घासूनही जात नाहीत, कारण तो काळेपणा मळाचा नसतो; रंध्राच्या उघड्या तोंडाशी असलेल्या बुचातील रंगद्रव्य आणि तेल हवेच्या संपर्कात आल्याने तो रंग येतो.

ज्यांनी खरोखर फरक पडतो अशी औषधे मोजकी आहेत आणि ती जालीम वाटत नाहीत. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते रंध्रात शिरून बूच सैल करते. सौम्य मुरुमांना त्याचा २ टक्क्यांपर्यंतचा फेसवॉश किंवा जेल पुरते. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारते आणि जंतूंना त्याची सवय होत नाही, त्याचे २.५ टक्क्यांचे जेल ५ किंवा १० टक्क्यांच्या जेलइतकेच गुण देते आणि त्याने जळजळ कमी होते, तरी गिऱ्हाईक नेहमी मोठा आकडा मागते. हे जेल कापडाचा रंग उडवते. निळ्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा पांढरट डाग पडल्यावर ‘मशीनमध्ये ब्लीच पडले का’ म्हणून घरात चौकशी सुरू होते, तेव्हा ते लावणाऱ्यांनी पांढरे अभ्रे वापरावेत. ॲडापॅलीनचे ०.१ टक्क्याचे जेल मुळाशी काम करते, म्हणजे बूच तयार होण्याची प्रक्रियाच सुधारते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढे घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पसरायचे असते. एकेका पुटकुळीवर टिंब द्यायचे नसते. पहिले काही आठवडे त्वचा सुटते, लाल होते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात, आणि नेमकी याच वेळी माणसे नळी फेकून देतात. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदरपणात किंवा बाळाचा विचार चालू असताना ते वापरू नये.

आता त्या मलमांविषयी, ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. शेजारच्या काकूंनी सांगितले म्हणून, पार्लरमधल्या ताईंनी डबी दिली म्हणून, भावाच्या नायट्यावर आणलेले उरले होते म्हणून लोक चेहऱ्यावर अशी मलमे लावतात ज्यांत तीव्र स्टिरॉइड असते. पहिल्या आठवड्यात ती जादू करतात: सूज उतरते, लाली जाते, रंग उजळतो. काही आठवड्यांनी चित्र पालटते. त्वचा पातळ होते, गालांवर लालसर बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, उन्हात आणि गॅसपुढे उभे राहिले की चेहरा भाजल्यासारखा होतो, आणि एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्या सगळीकडे उठतात. मलम थांबवले की हे सगळे दुपटीने उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच नळी घ्यायला येतो. हे चक्र मी इतक्यांदा पाहिले आहे की समोरच्याचे गाल पाहून नळीचा अंदाज येतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’च्या नियमात आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, तरी ती मिळतात, हे लपवण्यात अर्थ नाही. स्वतःपुरता उपाय सोपा आहे. नळी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा, गरज पडली तर मोबाइलने फोटो काढून तो मोठा करा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले, तर ते मुरुमांवर लावायचे औषध नव्हे. बरेच दिवस लावले असेल तर ते एकदम न तोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करावे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे उठलेले ते मुरूमच आहेत का. कपाळावर, छातीवर आणि पाठीवर एकाच मापाचे, खाजणारे बारीक फोड असतील आणि प्रतिजैविकांनी ते घटण्याऐवजी वाढले असतील, तर ती केसांच्या मुळांतील मॅलॅसेझिया या बुरशीची करामत असण्याची शक्यता असते. तिला घाम आणि तेल दोन्ही मानवतात, आणि तिच्यावरचा उपचार वेगळा असतो. घामोळे तर गारव्यात बसले की आपणच मावळते. केसांच्या कडेने कपाळावर बारीक, मिटलेले दाणे उठत असतील तर तेलाची बाटली आठवावी. रात्री चपचपीत खोबरेल लावून झोपायचे आणि उकाड्यात घामाबरोबर ते कपाळावर उतरू द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत तेलकट त्वचेला जाचते. तेल सोडा असे मी कोणाला सांगत नाही, सांगून ऐकणार तरी कोण. नाहण्याच्या तासभर आधी लावावे, शाम्पूने धुवावे, आणि केस कपाळावर रुळू देऊ नयेत. हेल्मेटच्या आतल्या कापडी पट्टीचेही असेच आहे, ती काढून धुता येते हे पुष्कळांना माहीतच नसते.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागत नाही, हा समज निदान ॲडापॅलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्यांनी तरी सोडावा. हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर लावले तरच ही औषधे सोसवतात. आणि सनस्क्रीन. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम आठवड्यात जातो आणि त्याचा तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. उन्हाने तो आणखी गडद होतो. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले, पाण्यासारखे पातळ किंवा जेल स्वरूपातले सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीइतके, चेहऱ्याला आणि मानेला पुरते. त्यावर पुन्हा पावडर, फाउंडेशन, सीरम असे थर चढवले तर आमच्या हवेत दुपारपर्यंत सगळ्याचा लगदा होतो. डबीवर छापलेल्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रंध्रे न बुजवणारे) या शब्दाला कायद्याने बांधलेली व्याख्या नाही, तेव्हा त्यावर विसंबण्याऐवजी नवी वस्तू जबड्याच्या कडेला थोडी लावून काही आठवडे पाहावे.

मुरूम खोल, दुखरे आणि गाठीसारखे असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर दुकानात वेळ घालवू नये. शासकीय रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात अगदी थोड्या खर्चात तपासणी होते. तेथे कधी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या जातात. त्या गुणकारी आहेत, मात्र गर्भाला अतिशय घातक आहेत, म्हणून त्या काळात आणि नंतर महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते, आणि कोणाच्या उरलेल्या गोळ्या कोणी घेऊ नयेत. जाताना आजवर चेहऱ्यावर लावलेल्या सगळ्या नळ्या, डब्या आणि रिकामी खोकीसुद्धा एका पिशवीत घालून न्यावीत. डॉक्टरांनी ‘काय लावत होता’ असे विचारले की बहुतेक जण ‘काही विशेष नाही’ म्हणतात, आणि निदान तिथेच अडते.