तुम्ही विचारलंत म्हणून: तत्त्वज्ञान कुठून सुरू करावे?

तत्त्वज्ञान कधीच न वाचलेल्या माणसाने सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी, असे मला वारंवार विचारले जाते. सुरुवात एखाद्या प्रश्नापासून करावी, हे माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. उपनिषदांपासून किंवा आद्य ग्रीक तत्त्वज्ञ थेल्सपासून क्रमाने इतिहास वाचू लागलेल्या माणसाकडे कोण काय म्हणाले याची जंत्री जमते, परंतु तसे म्हणण्याची गरज त्यांना का पडली, हे त्याला उमगतेच असे नाही. 'जीवनाचा अर्थ काय' हा प्रश्नही मी आरंभी टाळायला सांगतो. त्यावर काहीही बोलले तरी खपते, असा नवख्याचा समज होतो.

मी अनुमानाचा प्रश्न सुचवतो. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो, कारण स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र पाहिलेले असतात; हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचे, ठरलेले उदाहरण. त्यावर प्रत्यक्ष दिसते तेवढेच मानणारा चार्वाक विचारतो, 'जेथे धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे दोहोंचा कधीही न चुकणारा संबंध, तुम्हाला कळली कशी? पाहिलेली ठिकाणे मोजकी, दावा मात्र सर्व ठिकाणांचा आणि सर्व काळांचा. ती अनुमानाने सिद्ध करावी, तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती लागते. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'च्या पहिल्याच प्रकरणात हा आक्षेप मांडला आहे, आणि तोही स्वतः वेदान्ती, म्हणजे चार्वाकांचे विरोधक, असताना.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली जवळपास हीच अडचण दाखवली. निसर्ग उद्याही आजच्यासारखाच वागेल कशावरून, तर आजवर तसा वागला म्हणून; म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले. येथे नवखा हमखास म्हणतो, 'पण विज्ञान चालते ना!' चालते खरे, पण आजवर चालले म्हणून पुढेही चालेल, ही तीच उडी झाली.

चार्वाकाच्या शंकेला नैयायिक उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. शंकेला मर्यादा व्याघाताची, म्हणजे आपल्याच वागण्याशी होणाऱ्या विसंगतीची: धूर हवा म्हणून जो अग्नी पेटवतो, त्याला त्यांच्या संबंधावर शंका घेता येत नाही. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने त्यांचाच श्लोक किंचित फिरवून त्यांच्यावर उलटवला: व्याघात असेल तर शंका आहेच (शंकाच नसेल तर वागण्याची विसंगती कशाशी?), मग तो शंकेची मर्यादा कसा ठरेल?

या दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची ते आठवडाभर स्वतः ठरवून पाहावे. त्यानंतरही पुस्तक हवे असेल, तर बर्ट्रंड रसेलचे १९१२ सालचे 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' उघडावे, आणि याच प्रश्नावरचे सहावे प्रकरण आधी वाचावे.