खोल पॉकेटचा कटर घेताना: माझा अनुभव

खोल पॉकेट, म्हणजे धातूत मिलिंगने कोरलेला खोल खड्डा. त्यासाठी मुंबईत नागदेवीच्या हत्यार बाजारात काउंटरवर '10 चा लॉन्ग एंडमिल' (10 मिमी व्यासाचा, फिरत कापणारा कटर) मागितला की बहुतेक वेळा हातात पडतो तो लॉन्ग फ्लूट, म्हणजे धार पार वरपर्यंत चढलेला. दुकानदार म्हणतो, 'लॉन्ग म्हणजे लॉन्ग, साहेब.' खोल पॉकेटला नेमका तोच चालत नाही, आणि हे दर वेळी नव्याने समजावत बसावं लागतं.

कीस निघायच्या खाचा (फ्लूट) पाडल्यावर कटरचा गाभा व्यासाच्या साठ-सत्तर टक्केच उरतो. 60 मिमी लांबीभर तो असा पोकळला की वाकणारच, वर पूर्ण उंचीची धार भिंतीला एकदम भिडते आणि वर्कशॉपच्या गाळ्याभर किंचाळी घुमते. हवी ती धार 12-15 मिमी, तिच्यावर 9.5 च्या आसपास बारीक केलेली भरीव मान, मग 10 चा शँक (मशीनमध्ये पकडायचा दांडा). मान भिंतीला घासत नाही आणि तिच्यात दमही राहतो. मागताना 'धार आखूड, मान बारीक, रीच 65' असंच सांगा; रीच म्हणजे टोकापासून मान संपेपर्यंतची लांबी. डबीवरच्या एकूण लांबीवर जाऊ नका. कटर काढून व्हर्नियर लावू देत नसतील, तर पुढचं दुकान गाठा.

साकीनाक्याच्या गाळ्यांत येतं तसं काम धरा: पी20 (साच्यांचं पोलाद), खोली 60 मिमी, कोपरा आर6, म्हणजे 6 मिमी त्रिज्येचा. रफिंगला, म्हणजे आधीच्या ढोबळ कापणीला, 20 चा इन्सर्ट कटर (बदलत्या पात्यांचा), 2 अंशांच्या रॅम्पने, म्हणजे उतरत्या वाटेने, खाली; त्यात विशेष काही नाही.

खरी गोची कोपऱ्यात. 12 चा कटर आर6 मध्ये बरोबर बसतो, म्हणूनच तो नको. कोपऱ्यात त्याला धातू एकदम चौथाई वर्तुळभर विळखा घालतो. 10 चा घ्या. तरी 20 च्या कटरने कोपऱ्यात तिरकस 1.7 मिमी माल सोडलेला असतो, वर फिनिशिंगसाठी राखलेला थर (अलाउन्स). तो आधी वरून प्लंज करून (कटर सरळ खाली उतरवून) काढा, मगच भिंतीला हात लावा.

फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, तोही तिथेच फसवतो. प्रोग्रामचा एफ (फीडचा आकडा) कटरच्या केंद्राला लागतो. आर6 मध्ये 10 च्या कटरचं केंद्र 1 मिमी त्रिज्येवर फिरतं, तर धार 6 वर. म्हणजे भिंतीवर फीड सहापट. 2200 आरपीएमला, चार धारांना प्रत्येकी 0.03 मिमी प्रमाणे मिनिटाला 264 मिमी येतो, तोच कोपऱ्यात 1584 होतो. तिथे फीड उतरवलाच पाहिजे. कटर तुटला की 'माल खराब' म्हणतात, पण त्यातले बरेच इथे तुटतात.

हो, कटर कोलेटमधून (त्याला पकडणाऱ्या चिमट्यातून) गरजेपेक्षा बाहेर काढू नका. बाहेरची लांबी दुप्पट केली की वाक आठपट. कोलेट पुसून रनआउट (फिरताना कटरचं डगमगणं) डायलने बघा, 0.01 मिमीच्या आत हवा.

चिप्स (कापलेला कीस) तळाशी साचू देऊ नका, तेच परत कापलं जातं. कोटेड कार्बाइडला (लेप दिलेल्या कार्बाइडच्या कटरला) रफिंगमध्ये हवेचा झोत कूलंटपेक्षा बरा. शेवटी त्याच मापावर एक रिकामा पास (काप न वाढवता आणखी एक फेरी) फिरवा, कारण वाकलेल्या कटरने भिंत तळाशी जाड सोडलेली असते.