दहा पौंडांचं घर

इंग्लंडमध्ये, ससेक्समधल्या एका खेड्यात आम्ही धर्मगुरूंच्या जुन्या घराची दुरुस्ती करत होतो. दक्षिणेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा उतरवला आणि ओकचा कोपऱ्याचा खांब उघडा पडला. वरून धडधाकट, पण बुंध्याशी पटाशी टोचली तर भिजल्या भाकरीत जावी तशी आत गेली. लाकूड ऋतूगणिक फुगतं, आकसतं; सिमेंट मात्र हलत नाही. मग दोघांमध्ये भेग पडते, पाऊस आत शिरतो आणि त्याला बाहेर यायला वाटच राहत नाही.

मी नोंदवहीत लिहिलं : खांब काढून पूर्ण नवा बसवणे. आमच्या ज्येष्ठ सुतारानं ते वाचलं आणि म्हणाला, "हे पक्कं करायच्या आधी ऑल्फ्रिस्टनला जाऊन ये."

तासाभरात मी तिथे पोचले. सेंट अँड्र्यूज चर्चला लागून, ककमिअर नदीजवळ, काडानं शाकारलेलं एक बुटकं घर. हेच क्लर्जी हाउस, म्हणजे धर्मगुरूंचं घर, 14व्या शतकातलं. याला 'वील्डन' पद्धतीचं घर म्हणतात. मधलं दालन जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळं, बाजूच्या खोल्या दुमजली, वरचा मजला पुढे झुकलेला आणि सगळ्यावर एकच सलग छप्पर. दालनाची भिंत त्यामुळे आत राहते आणि तिच्यापुढची वळचण वाकड्या तिरांवर तोललेली असते. अशा दालनांना मुळात धुरांडं नसे. मधोमध जमिनीवर विस्तव, धूर छपरातून वाट काढी. आत शिरल्यावर मान आपोआप वर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही.

मग पायाखाली पाहिलं. जमीन खडूच्या दगडाची, चुरा करून ठोकून बसवलेली आणि वरून आंबट दूध फिरवून घट्ट केलेली. दुधातलं केसीन हे प्रथिन भुकटी धरून ठेवतं. आमच्या आजोळी, संगमेश्वराकडे, शेणानं सारवलेली जमीन अशीच मऊ वाटायची. भिंतींचंही तेच. लाकडी सांगाड्याच्या चौकटींत काठ्या विणायच्या आणि वर माती, शेण, पेंढा मळून थापायचा. आपल्याकडचा कारवीचा कूडच तो, फक्त कारवी नाही. सहा वर्षं या देशात काम करताना एखाद्या भिंतीसमोर मला माझी भाषा आठवली, असं पहिल्यांदाच झालं.

हे घर पाडायचं ठरलं होतं. गावचे धर्मगुरू बेनन यांनी ते वाचवायची खटपट केली. ऑक्टेव्हिया हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1895मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं 1896मध्ये ते 10 पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टनं घेतलेली ही पहिली इमारत. राजवाडा नाही, किल्ला नाही, खेड्यातलं मोडकं घर! मला ही निवड फार मोठी वाटते. डागडुजी आल्फ्रेड पॉवेल या वास्तुकारानं पाहिली. दालनातल्या एका तुळईच्या टोकाशी ओकचं पान कोरलेलं आहे. ट्रस्टचं चिन्ह त्यावरूनच घेतलं असावं, असं म्हणतात. त्या पानाखाली मी उभी होते आणि सकाळी लिहिलेली ओळ मला टोचत होती. वरचं सहा फूट निरोगी लाकूड मी कशासाठी फेकायला निघाले होते?

परतल्यावर ती ओळ खोडली. फक्त कुजलेला बुंधा कापायचा, तेवढाच नवा ओक तिरक्या सांध्यानं जोडायचा, वर चुन्याचा गिलावा. घरमालकीणबाईंना सगळं नवं हवं होतं. मी त्यांना खांबाच्या वरच्या भागात पटाशी टोचायला लावली. पातं जेमतेम नखभर रुतलं. त्यांनी दोनदा टोचून पाहिलं आणि मान हलवली.

तीन आठवड्यांनी सांधा बसला. खुंट्या ठोकून झाल्यावर सुतारानं पटाशी माझ्या हातात दिली. नव्या तुकड्यावर, आतल्या अंगाला, मी दुरुस्तीचं वर्ष कोरलं.