माळ्यावरची ट्रंक

आज माळा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या जुन्या मासिकाचे दोन अंक सापडले. वर वर्तमानपत्राचं कव्हर, नीट खळ लावून चिकटवलेलं. आत मुखपृष्ठावर नग्न स्त्री. आई पटकन म्हणाली, “ठेव बाई आत, पोरं येतील!” पोरं त्या वेळी मोबाइलवर काय बघत होती, देव जाणे.

वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर 1934 साली अश्लीलतेचा खटला चालला. वकील होते डॉ. आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात, मग जाणकाराने उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांचा रोख. तरीही खटला हरले, 200 रुपये दंड झाला. 1962 च्या एका दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरूनही खटला झाला. हायकोर्टाने दोषी ठरवलं. 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं आणि काळाप्रमाणे समाजाची मोजमापं झपाट्याने बदलताहेत, हेही नोंदवलं.

पण बदल एकाच दिशेने होतो, असं मला वाटत नाही. कर्व्यांची ती उत्तरं आज डॉक्टर रविवारच्या पुरवणीत देतात, कुणी ढुंकून बघत नाही. देवादिकांवर मात्र कर्वे ज्या थंडपणे लिहीत, तसं दोन ओळी मी इथे लिहायचं म्हटलं तर?

लिहिल्याही होत्या मघाशी. पुसल्या. अंक परत ट्रंकेत ठेवलेत, कव्हर तसंच ठेवून.