'कन्फर्मेशन' पाहताना : एक नेमणूक, एक आरोप आणि १९९१ चे ते तीन दिवस

एचबीओने १६ एप्रिल २०१६ रोजी दाखवलेला 'कन्फर्मेशन' हा दूरचित्रपट इथे अमेरिकेत नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीने आणि मुलाने पाहावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेले क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर अनिता हिल यांनी लैंगिक छळाचा आरोप केला, त्याची ही गोष्ट. केरी वॉशिंग्टनने हिल यांची, वेंडेल पीअर्सने थॉमस यांची आणि ग्रेग किनिअरने सुनावणी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष जो बायडेन यांची भूमिका केली आहे. पण भारतात बसून पाहणाऱ्याला निम्मी गोष्ट हुकते, कारण आपल्याकडे न्यायाधीश अशा पद्धतीने नेमलेच जात नाहीत. ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या कॉलेजियमच्या बैठका बंद दाराआड होतात. इथे उमेदवाराला टीव्ही कॅमेऱ्यांसमोर बसून उत्तरं द्यावी लागतात.

आधी पद्धत समजून घ्या. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो आणि सिनेट, म्हणजे इथल्या संसदेचं वरिष्ठ सभागृह, संमती देते किंवा नाकारते. मधला सगळा भार सिनेटच्या न्यायिक समितीवर असतो. ती उमेदवाराकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेते, एफबीआय पार्श्वभूमी तपासते, वकिलांची राष्ट्रीय संघटना श्रेणी देते, मग सुनावणी, मग समितीचं मतदान आणि शेवटी पूर्ण सिनेटचं. नेमणूक आयुष्यभराची असते. सुनावणीत साक्ष शपथेवर होते, तरी ते न्यायालय नाही. पुराव्याचे नियम नाहीत, आरोप सिद्ध होण्याचा ठरलेला निकष नाही, आणि कोणाला बोलवायचं, कोण आधी बोलणार, किती वेळ बोलणार हे समितीतले राजकारणी ठरवतात. चित्रपटाचा खरा विषय हाच आहे. कोण खरं बोलत होतं याचा निवाडा तो देत नाही. ऑफिसात काय घडलं याची दृश्यंही दाखवत नाही. समितीतल्या चौदा सिनेटरांना जेवढं ऐकायला मिळालं, तेवढंच आपल्याला मिळतं, आणि लेखिका सुझॅना ग्रँट यांचा हा निर्णय आम्हाला अगदी योग्य वाटतो.

घटनाक्रम असा. जून १९९१ मध्ये थर्गुड मार्शल, सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, यांनी निवृत्ती जाहीर केली. १ जुलैला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी ४३ वर्षांच्या थॉमस यांचं नाव पुढे केलं. सप्टेंबरच्या पहिल्या सुनावणीत छळाचा विषय निघालाच नाही. ओक्लाहोमा विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या अनिता हिल यांनी २३ सप्टेंबरला समितीकडे लेखी निवेदन पाठवलं. १९८१ ते १९८३ या काळात, आधी शिक्षण खात्यात आणि नंतर समान रोजगार संधी आयोगात, थॉमस आपले वरिष्ठ असताना ते वारंवार भेटायला चला म्हणत आणि अश्लील बोलत, असा त्यांचा आरोप होता. एफबीआयने दोघांचे जबाब घेतले. थॉमस यांनी सगळं साफ नाकारलं आणि आजही नाकारतात. २७ सप्टेंबरला समितीची मतं ७ विरुद्ध ७ अशी पडली, म्हणून कुठलीही शिफारस न करता नाव पूर्ण सिनेटकडे गेलं. जनतेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

६ ऑक्टोबरला एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या नीना टोटनबर्ग आणि 'न्यूजडे' या दैनिकाचे टिमथी फेल्प्स यांनी बातमी फोडली. मतदान दोन दिवसांवर आलं होतं. कनिष्ठ सभागृहातल्या सात महिला सदस्य पायऱ्या चढून सिनेटवर चालून गेल्या, ते छायाचित्र इथे आजही छापलं जातं. मतदान आठवडाभर पुढे ढकललं गेलं. फक्त आठवडाभर. एवढ्या मुदतीत साक्षीदार शोधायचे, त्यांना वॉशिंग्टनला आणायचं, वकील उभे करायचे. चित्रपटातली धावपळ म्हणजे नाट्यासाठी वाढवलेला मसाला नाही, वेळच तेवढा होता.

आता ११ ऑक्टोबरचा शुक्रवार, आणि इथे बारकाईने पाहा. बोलण्याचा क्रम हाच त्या दिवसाचा कणा आहे. सकाळी आधी थॉमस आले आणि त्यांनी आरोप नाकारणारं निवेदन केलं. मग हिल आल्या. जवळजवळ सात तास त्यांना प्रश्न विचारले गेले, अश्लील तपशील पुन्हा पुन्हा, त्यांच्याच तोंडून वदवून घेतले गेले. समितीतले सिनेटर हॉवेल हेफ्लिन यांनी त्यांना सरळ विचारलं, की तुम्ही झिडकारल्या गेलेल्या, चिडलेल्या बाई आहात का? दुसरे सदस्य आर्लन स्पेक्टर हे जुने सरकारी वकील, त्यांनी उलटतपासणीसारखेच प्रश्न केले आणि पुढे हिल यांच्यावर खोट्या साक्षीचा ठपका ठेवला. त्याच रात्री, देश टीव्हीसमोर बसण्याच्या वेळेला, थॉमस पुन्हा आले. हिल यांची साक्ष आपण ऐकलेलीच नाही, असं त्यांनी सांगितलं आणि ही सुनावणी म्हणजे डोकं वर काढणाऱ्या कृष्णवर्णीयांचं आधुनिक यंत्रांनी केलेलं लिंचिंग आहे, असा घणाघात केला. लिंचिंगचा, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याचा, इतिहास ज्या देशाने पाहिला, तिथे हे ऐकल्यावर चौदा गोऱ्या पुरुषांची ती समिती बचावात गेली. हिलही कृष्णवर्णीयच होत्या, पण ते लक्षात घेऊन बोलणारं त्या टेबलावर कोणी नव्हतं. पूर्ण सिनेटमध्ये तेव्हा शंभरात दोनच स्त्रिया होत्या.

म्हणजे सुरुवातही थॉमस यांची आणि शेवटचा शब्दही. हिल यांनी ज्यांना पूर्वीच हा त्रास सांगितला होता ते चार साक्षीदार, त्यांत सुझन होर्चनर या न्यायाधीश होत्या, रविवारी बोलले. थॉमस यांच्या बाजूने त्यांच्या अनेक महिला सहकारी बोलल्या. हे सत्र मध्यरात्र उलटून गेल्यावर संपलं.

आणि अँजेला राइट. त्याच आयोगात काम केलेली दुसरी स्त्री. थॉमस आपल्याशीही तसंच बोलत, असं तिने समितीच्या कर्मचाऱ्यांना फोनवरच्या जबाबात सांगितलं होतं. ती वॉशिंग्टनला आली आणि थांबून राहिली. तिला बोलावलं गेलंच नाही, जबाब तेवढा कागदोपत्री नोंदीत गेला. थॉमस यांनी तिला नोकरीवरून काढलं होतं आणि उलटतपासणीत तेच पुढे आलं असतं, हे खरं. तरीही एकीचा शब्द विरुद्ध एकाचा शब्द अशीच जी सुनावणी देशाने पाहिली, तिच्यात दुसऱ्या स्त्रीचा आवाज ऐकू आला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. जेनिफर हडसनने ही भूमिका केली आहे. आमच्या मते चित्रपटातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच, आणि नेमका त्यालाच कमी वेळ दिला आहे. १५ ऑक्टोबरला थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायमूर्ती झाले. सिनेटमध्ये बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचं होतं आणि त्या पक्षाच्या ११ जणांनी त्यांच्या बाजूने मत दिलं.

चित्रपटावर आक्षेपही आले. जॉन डॅनफोर्थ आणि अ‍ॅलन सिम्पसन या माजी सिनेटरांना त्यातलं चित्रण मान्य नव्हतं. म्हणून चित्रपट संपल्यावर मूळ सुनावणी पाहा. संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीच्या संकेतस्थळावर ती फुकट उपलब्ध आहे. ११ ऑक्टोबरचं चित्रीकरण सकाळपासून क्रमाने पाहिलं, तर दहा मिनिटांच्या दृश्यात न मावणारा थकवा कळतो.

पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला प्रश्न असतो : मग ती तेव्हाच का नाही बोलली, त्याच माणसाबरोबर दुसऱ्या नोकरीत का गेली? याचं उत्तर कायद्यात आहे. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छळाच्या वातावरणाला भेदभाव म्हणून मान्यता दिलेली नव्हती, तो निकाल १९८६ चा. जिंकलं तरी बुडालेला पगार आणि नोकरी परत, एवढंच मिळे, नुकसानभरपाई नाही. आणि तक्रार जिथे करायची त्या आयोगाचे अध्यक्ष खुद्द थॉमस होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये कायदा बदलला, ज्यूरी आणि भरपाई दोन्ही आली. आयोगाकडे आलेल्या लैंगिक छळाच्या तक्रारी १९९१ मध्ये ६,१२७ होत्या, १९९६ मध्ये १५,३४२. १९९२ च्या निवडणुकीत चार नव्या स्त्रिया सिनेटवर निवडून आल्या आणि त्यांतल्या दोघी, डायान फाइनस्टाइन आणि कॅरल मोझली ब्राउन, याच न्यायिक समितीवर बसल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर ब्रेट कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीवेळी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणाऱ्या क्रिस्टीन ब्लेसी फोर्ड साक्षीला आल्या तेव्हा रिपब्लिकन सदस्यांनी स्वतः प्रश्न न विचारता एका महिला सरकारी वकिलाला पुढे केलं. १९९१ च्या समितीतले ग्रासली, हॅच आणि लेही तेव्हाही समितीवर होते. साक्षीदार या वेळी दोनच, फोर्ड आणि कॅव्हनॉ. नेमणूक ५० विरुद्ध ४८ मतांनी झाली.

इथे एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण घरी फोनवर हे सहसा बोललं जात नाही. अशा छळाविरुद्धचा केंद्रीय कायदा १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होतो आणि व्हिसा कुठला आहे याने फरक पडत नाही. तक्रार आयोगाकडे १८० दिवसांत करावी लागते. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याखाली तीन वर्षं मिळतात. कंपनीच्या एचआरकडे केलेली तक्रार म्हणजे आयोगाकडची तक्रार नव्हे, आणि एचआरची चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. अनेक प्रकरणं इथेच हातची जातात. आयोगाने दावा करण्याची मुभा देणारं पत्र दिलं की न्यायालयात जायला ९० दिवस असतात. भरपाईची कमाल मर्यादा कंपनीच्या आकाराप्रमाणे ५०,००० ते ३,००,००० डॉलर आहे आणि ती १९९१ पासून बदललेली नाही. बुडालेला पगार तिच्याबाहेर धरतात.

नोकरी गेली तर एच-१बी वाल्याला अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणून मुली गप्प बसतात. तक्रार केल्याबद्दल नोकरीवरून काढणं बेकायदा आहे, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. तेव्हा घडलं त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं हे लिहून ठेवा, आणि ते कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, कारण काढल्या दिवशी तो परत घेतात. विश्वासातल्या एका माणसाला तेव्हाच सांगा, शक्यतो लेखी. हिल यांच्या चार साक्षीदारांचं वजन यातूनच आलं होतं, त्यांनी ती गोष्ट बातमी फुटण्याच्या कितीतरी आधी ऐकलेली होती. भारतात २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करायला तीन महिने मिळतात आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. बहीण पुण्यात आणि तुम्ही न्यू जर्सीत असाल, तर दोघींची मुदत वेगळी आहे.