सेट-टॉप बॉक्सची रिअल-टाइम प्रणाली बांधताना: माझा अनुभव

भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या अनेक घरांच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे, तोंड करून उभी असते आणि खाली टीव्हीजवळ एक छोटा बॉक्स दिवसभर तापत असतो. त्या बॉक्समधली रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे प्रत्येक काम ठरलेल्या वेळेच्या आत करून घेणारी मूळ प्रणाली, समजून घ्यायची तर तयार बॉक्स उघडून फारसे हाती लागत नाही, कारण त्याचे फर्मवेअर, म्हणजे आत बसवलेले सॉफ्टवेअर, इतरांना वाचायला खुले नसते. म्हणून भुसावळला घरी मी एसटीएम३२ या छोट्या प्रोसेसरांच्या कुळातल्या एका बोर्डावर फ्रीआरटीओएस ही मोफत रिअल-टाइम प्रणाली चढवली आणि बॉक्सचा निम्मा भाग स्वतः बांधायला घेतला. चित्र उलगडण्याचे काम एवढ्या प्रोसेसरला झेपत नाही, आणि खऱ्या बॉक्समध्येही ते वेगळ्या हार्डवेअरकडेच असते. प्रवाहातली माहितीची पाकिटे वेगळी करणे, घड्याळ जुळवणे, कार्यक्रमांची यादी दाखवणे आणि रिमोटला वेळेत उत्तर देणे, एवढे मी माझ्याकडे घेतले.

उपग्रहावरून येणारा प्रवाह १८८ बाइटांच्या पाकिटांचा असतो. प्रत्येक पाकीट हेक्समधल्या (सोळा-आधारी अंकपद्धतीतल्या) ४७ या बाइटने सुरू होते आणि त्यावर १३ बिटांचा ओळख क्रमांक असतो. सेकंदाला ४० मेगाबिट असा प्रवाह धरला, तर सुमारे २६,६०० पाकिटे येतात, म्हणजे दर ३८ मायक्रोसेकंदांना एक. प्रत्येक पाकिटासाठी प्रोसेसरला हाक मारली तर तो दुसरे काही करूच शकणार नाही, म्हणून खऱ्या बॉक्समध्ये हार्डवेअरच नको असलेली पाकिटे गाळते आणि हवी असलेली थेट मेमरीत ठेवते. माझ्या बोर्डाला तशी सोय नसल्याने यूएसबी ट्यूनर लावलेला लॅपटॉप एकाच वाहिनीची पाकिटे निवडून, सात-सातच्या गठ्ठ्यांनी, इथरनेटवरून बोर्डाकडे पाठवत होता. एका वाहिनीला ४ मेगाबिट धरले, तरी दर अडीच-पावणेतीन मिलिसेकंदांना एक गठ्ठा दाराशी हजर होतो.

खरा विचार करावा लागला तो प्राधान्यक्रमाचा. प्रेक्षक बटण दाबतो आणि उत्तराची वाट पाहतो, त्यामुळे इंटरॲक्टिव्ह बॉक्समध्ये रिमोटच्या टास्कला, म्हणजे प्रणाली चालवत असलेल्या त्या स्वतंत्र कामाला, सर्वांत वरचे स्थान द्यावे असे कोणालाही वाटते. परंतु लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेला नियम वेगळे सांगतो: ज्या टास्कची पाळी लवकर लवकर येते त्याला वरचे प्राधान्य द्यावे. या नियमाने पाकिटांचा टास्क पहिला आला आणि घड्याळाचा दुसरा, कारण प्रवाहातून येणाऱ्या प्रक्षेपकाच्या घड्याळाच्या खुणा साधारण ४० मिलिसेकंदांच्या आत येतात. रिमोटचा संकेत सुमारे ११० मिलिसेकंदांनी पुन्हा येतो, म्हणून तो तिसरा. पडद्यावरचे रेखाटन चौथे आणि दोन-दोन सेकंदांनी येणारी कार्यक्रमांची माहिती गोळा करणे पाचवे. पाच टास्कांचा प्रोसेसरवरचा एकूण भार ७४.३ टक्क्यांच्या आत राहिला, तर त्याच सिद्धांतानुसार प्रत्येकाची वेळ पाळली जाण्याची हमी मिळते. ही बेरीज सरासरी वेळेची नसून प्रत्येक टास्कला लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळेची करावी लागते. देवनागरीतली नावे रेखाटताना हे विशेष जाणवले, कारण जोडाक्षरे आणि वेलांट्या असलेल्या नावाला लागणारा वेळ साध्या नावापेक्षा बराच अधिक असतो. अखेर मी अक्षरांची चित्रे आधीच तयार करून ठेवली आणि रेखाटनाचा वेळ ठरावीक मर्यादेत आणला.

घड्याळाचे काम मला सर्वांत जवळचे वाटले. प्रक्षेपकाचे घड्याळ २७ मेगाहर्ट्झवर चालते आणि बॉक्सने स्वतःचे घड्याळ त्याच्याशी सतत जुळवत राहायचे असते. बॉक्समधल्या क्रिस्टलमध्ये, म्हणजे घड्याळाला ठोके देणाऱ्या स्फटिकात, दहा लाखांत ३० भागांचा फरक असला, तरी तासाभरात १०८ मिलिसेकंदांची तफावत साचते, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने जवळजवळ तीन चित्रे. क्रिस्टलची गती तापमानानुसार बदलते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या भुसावळात बंद कपाटात ठेवलेल्या बॉक्सचे काय होत असेल याचा विचार करणे भागच होते. दुपारची आणि पहाटेची तफावत मोजून पाहिली तेव्हा दोन्हींत स्पष्ट अंतर दिसले. लॅपटॉप गठ्ठे समान अंतराने सोडत नसल्याने एकेका खुणेवर विसंबता येत नव्हते. अनेक खुणांची सरासरी घेऊन मगच दुरुस्ती करणारा भाग लिहावा लागला.

यानंतर प्राधान्याची उलटापालट, म्हणजे वरच्या प्राधान्याच्या टास्कला खालच्या टास्कांमुळे ताटकळावे लागणे. मंगळावर १९९७ मध्ये उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने वारंवार नव्याने सुरू होत होता. ती व्हीएक्सवर्क्स नावाची रिअल-टाइम प्रणाली होती, आणि प्राधान्य-वारशाची सोय (वरचा टास्क ज्याच्यासाठी थांबला आहे त्या खालच्या टास्कला तात्पुरते वरचे प्राधान्य देणे) पृथ्वीवरून चालू करून तो दोष दूर केला गेला. प्रकार प्रत्यक्ष पाहावा म्हणून मी कार्यक्रमांच्या तक्त्यावर मुद्दाम बायनरी सेमाफोर, म्हणजे एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारे साधे कुलूप, लावला. माहिती गोळा करणाऱ्या तळाच्या टास्कने तक्ता धरला, रिमोटचा टास्क त्यासाठी थांबला आणि या दोघांशी संबंध नसलेले रेखाटन मधल्या मध्ये प्रोसेसर घेऊन बसले. लॉजिक ॲनलायझरवर, म्हणजे संकेतांचे चढउतार दाखवणाऱ्या उपकरणावर, रिमोटची रेषा लांबच लांब सपाट दिसू लागली. फ्रीआरटीओएसच्या बायनरी सेमाफोरमध्ये प्राधान्याचा वारसा नसतो, म्युटेक्स या दुसऱ्या प्रकारच्या कुलपात असतो. तेवढा एक बदल केल्यावर रिमोटचे थांबणे तळाच्या टास्कने तक्ता धरलेल्या वेळेपुरते उरले.

आवडत्या वाहिन्या जतन करण्याचे काम किरकोळ वाटत होते, पण तेच सर्वांत शेवटपर्यंत पुरले. या बोर्डावर फ्लॅशचा, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीचा, १२८ किलोबाइटचा कप्पा पुसायला एक ते दोन सेकंद लागू शकतात, आणि त्याच फ्लॅशमधून सूचना वाचणारा प्रोसेसर तेवढा वेळ अडून राहतो. तिथे कोणतेही प्राधान्य कामाला येत नाही आणि या अवधीत आलेले गठ्ठे हातचे जातात. त्यामुळे जतन करायची माहिती मी बाहेरच्या वेगळ्या सीरियल फ्लॅश चिपवर नेली आणि ते लिखाण पाचव्या टास्ककडे सोपवले. वाहिनी जतन करताना पाकिटांची मोजणी आता अखंड राहते.